भेंडीचा केवडा आणि प्रतिकारक बियाणें : वंशाचा गुण मोजून कसा ओळखावा?

(लेखक : एक सेवानिवृत्त महसुली कारकून, सांडोर, ता. वसई)

वसईच्या पश्चिम पट्टींतील वाड्यांत केळी, पानवेल आणि फुलझाडें ह्यांच्या जोडीस भाजीपाल्याचें पीक पूर्वापार चालत आलें आहे. मुंबईची बाजारपेठ हाताशीं असल्यामुळें भेंडीसारखें दर एक-दोन दिवसांनीं तोडावें लागणारें पीक येथें परवडतें. परंतु ह्या पिकास एक शत्रु असा आहे कीं, तो आला म्हणजे बावखलाचें पाणी, खत व मजुरी हीं तिन्ही वायां जातात. हा शत्रु म्हणजे केवडा. ह्यास कांहीं ठिकाणीं हळद्या असेंही म्हणतात. त्याच्या संबंधांत वाडीवाल्यांच्या तोंडीं एक वाक्य नेहमीं असतें : "अमक्याच्या बियाण्यास केवडा लागत नाहीं." हें वाक्य खरें निघालें तर पीक वांचतें, खोटें निघालें तर बियाण्याचे पैसेही जातात व हंगामही जातो. सबब असें वाक्य केवळ ऐकून न मानतां मोजून कसें तपासावें, ह्याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. ह्यास लागणारें गणित बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार ह्यांपलीकडचें नाहीं.

रोगाची ओळख

केवड्यानें प्रथम पानाच्या शिरा पिवळ्या पडतात व पानावर पिवळें जाळें विणल्यासारखें दिसतें. पुढें सर्व पान पिवळें होतें, झाड खुरटतें आणि फळें पिवळट, बारीक व राठ होतात. हा रोग विषाणूमुळें होतो. विषाणु हा पूर्ण परोपजीवी होय. जिवंत पेशीच्या बाहेर त्याची वाढ होत नाहीं. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तो पांढऱ्या माशीच्या द्वारें जातो.

ह्या रोगाचा इतिहास आपल्या प्रांताशीं निगडित आहे. मुंबई इलाख्यांतील त्याची पहिली शास्त्रीय नोंद कुलकर्णी ह्यांनीं १९२४ सालीं केली आणि तो विषाणुजन्य असल्याचें पुण्याचे उप्पल, वर्मा व कपूर ह्यांनीं १९४० सालीं दाखवून दिलें. रोग किती लवकर लागतो त्यावर नुकसान अवलंबून असतें. शास्त्री व सिंग ह्यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ५० दिवसांच्या झाडांस लागण झाली असतां उत्पन्नांत शेंकडा ८४, व ६५ दिवसांच्या झाडांस झाली असतां शेंकडा ४९ इतकी घट आढळली. त्याहून कोवळ्या वयांत लागण झाल्यास हातीं जवळजवळ कांहींच लागत नाहीं. रोग लागल्यावर त्यास औषध नाहीं. म्हणून ज्या झाडाच्या अंगींच प्रतिकार आहे असें झाड मिळविणें हाच खरा उपाय ठरतो.

निरोगी झाड व प्रतिकारक झाड

येथें प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. रोगानें भरलेल्या वाफ्यांत एखादें झाड हिरवेंगार उभें राहिलें, तर त्याचीं कारणें दोन असूं शकतात. एक, त्या झाडाच्या अंगीं विषाणूस दाद न देण्याचा गुण आहे. दोन, त्या झाडावर विषाणु घेऊन आलेली माशी बसलीच नाहीं. पहिल्या झाडास प्रतिकारक म्हणावें. दुसरें केवळ बचावलेलें आहे. दिसण्यांत दोघांत कांहीं फरक नाहीं. परंतु पहिल्याचा गुण बियाबरोबर पुढील पिढींत जातो. दुसऱ्याचें सुदैव त्याच्याबरोबरच संपतें. बचावलेल्या झाडाचें बीं प्रतिकारक समजून राखणें म्हणजे पुढील वर्षाच्या रोगाचीच बेगमी करणें होय.

डोळ्यांनीं जो भेद दिसत नाहीं तो आंकड्यांनीं दिसतो. महसूल खात्यांत पिकाची आणेवारी नजरेनें ठरविण्याची वहिवाट होती व तींत नजरेगणिक आंकडा बदलत असे. पुढें १९४० नंतरच्या दशकांत डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. वि. गो. पानसे ह्यांनीं, चिठ्ठी टाकल्याप्रमाणें निवडलेल्या तुकड्यांतील पीक कापून त्याचें वजन करण्याची पद्धत आपल्या देशांत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. शेतकी प्रयोगांसाठीं लागणाऱ्या संख्याशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. नजरेपेक्षां मोजणी बरी, हें जें तत्त्व पिकाच्या उताऱ्यास लागू आहे तेंच बियाण्याच्या परीक्षेसही लागू आहे.

वंशाचा नियम

गुण पुढील पिढींत कसे उतरतात ह्याचा नियम ग्रेगोर मेंडेल ह्यानें वाटाण्यावरील प्रयोगांतून शोधून १८६६ सालीं प्रसिद्ध केला. त्याचें सार असें कीं, प्रत्येक गुणासाठीं झाडाच्या अंगीं दोन अंश असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेला. ह्या अंशांस आतां जनुकें म्हणतात. दोन्ही जनुकें भिन्न असलीं व त्यांपैकीं एकाचाच परिणाम दिसला, तर त्यास प्रभावी म्हणावें. ज्याचा परिणाम झांकला जातो तें अप्रभावी.

समजा, प्रतिकाराचें जनुक एकच आहे व तें प्रभावी आहे. शुद्ध प्रतिकारक व शुद्ध रोगप्रवण अशा दोन झाडांचा संकर केला, तर पहिल्या पिढीचीं सर्व झाडें निरोगी राहतील, कारण प्रत्येकांत एक प्रतिकारक जनुक आहेच. ह्या झाडांचें त्यांच्याच परागानें धरलेलें बीं लावलें, तर दुसऱ्या पिढींत दर चार झाडांमागें एकास दोन्ही प्रतिकारक, दोघांस एक-एक, व एकास एकही प्रतिकारक जनुक मिळत नाहीं. म्हणजे तीन निरोगी व एक रोगट, असें ३ : १ प्रमाण पडतें.

हें प्रमाण प्रत्यक्षांत तंतोतंत येत नाहीं. मेंडेलनें ७,३२४ वाटाणे मोजले, तेव्हां ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले निघाले. नियमाप्रमाणें ५,४९३ व १,८३१ निघावयास हवे होते. १९ दाण्यांची तफावत पडली. ही तफावत योगायोगाची कीं नियमच चुकीचा, हें ठरविण्याचें साधन मेंडेलजवळ नव्हतें. तें कार्ल पिअरसन ह्या इंग्रज गणितज्ञानें १९०० सालीं दिलें. त्यास काय-वर्ग कसोटी म्हणतात.

भेंडीविषयीं तीन मतें

भेंडीचा केवड्यास होणारा प्रतिकार कोणत्या नियमानें उतरतो, ह्याविषयीं आपल्या देशांतील शास्त्रज्ञांत तीन निष्कर्ष पुढें आले.

पहिला निष्कर्ष १९६२ सालचा. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंतून 'पुसा सावनी' ही जात निघाली होती. तिच्या पैदाशीच्या कामावरून हरभजन सिंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं असें मांडलें कीं, लागवडीच्या भेंडींतील प्रतिकार दोन अप्रभावी जनुकांमुळें येतो. असें असल्यास पहिली पिढी सर्व रोगट निघेल व दुसऱ्या पिढींत सोळांपैकीं एकच झाड निरोगी राहील.

दुसरा निष्कर्ष ठाकूर ह्यांचा, १९७६ सालचा. लागवडीची भेंडी व रानभेंडी ह्यांच्या संकरावरून त्यांनीं दोन परस्परपूरक प्रभावी जनुकें असल्याचें मांडलें. दोन्ही हजर असलीं तरच झाड निरोगी. एकही नसलें तर रोगट. ह्या मताप्रमाणें दुसऱ्या पिढींत ९ निरोगी : ७ रोगट असें प्रमाण येतें.

तिसरा निष्कर्ष आपल्या महाराष्ट्रांतील आहे. परभणीच्या मराठवाडा कृषि विद्यापीठांत (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ) जांभळे व नेरकर ह्या शास्त्रज्ञांनीं भेंडीचे दोन प्रकारच्या रानभेंडीशीं संकर केले. पहिली पिढी, दुसरी पिढी, मूळ पालकाशीं पुन्हां केलेला संकर व त्यापुढील पिढ्या ह्या सर्वांतील निरोगी व रोगट झाडें त्यांनीं मोजलीं आणि १९८१ सालीं असा निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, दोन्ही रानभेंडींत प्रतिकार एकाच प्रभावी जनुकामुळें येतो. पुसा सावनी व रानभेंडी ह्यांच्या अशाच संकरांतून, पुसा सावनीशीं फिरून संकर करून, त्यांनीं 'परभणी क्रांति' ही जात निवडली व तिचें वर्णन १९८६ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्याकडील कित्येक वाड्यांत ही जात लागली आहे. परंतु तिच्या मुळाशीं झाडांची अशी मोजणी आहे, हें थोड्यांस ठाऊक असेल.

काय-वर्ग कसोटी कशी लावावी

आतां कसोटी प्रत्यक्ष करून पाहूं. पुढील आंकडे केवळ समजावून सांगण्यासाठीं घेतले आहेत. समजा, संकराच्या दुसऱ्या पिढीचीं १६० झाडें लावलीं. त्यांपैकीं ११२ निरोगी व ४८ रोगट निघालीं. कृति येणेंप्रमाणें : अपेक्षित व प्रत्यक्ष संख्यांची वजाबाकी करावी, तिचा वर्ग करावा, त्यास अपेक्षित संख्येनें भागावें, आणि निरोगी व रोगट ह्या दोहोंचे भागाकार मिळवावे. ही बेरीज म्हणजे काय-वर्ग.

३ : १ ह्या मताप्रमाणें अपेक्षा १२० व ४०. तफावत ८, तिचा वर्ग ६४. ६४ ला १२० नें भागून ०.५३ व ४० नें भागून १.६०. बेरीज २.१३.

९ : ७ ह्या मताप्रमाणें अपेक्षा ९० व ७०. तफावत २२, तिचा वर्ग ४८४. भागाकार ५.३८ व ६.९१. बेरीज १२.२९.

१ : १५ ह्या मताप्रमाणें अपेक्षा १० व १५०. येथें तफावत १०२ इतकी आहे, व बेरीज हजारावर जाते.

आतां ह्या बेरजा कोणत्या मापास लावावयाच्या? दोनच वर्ग असतां हें माप ३.८४ असें ठरलेलें आहे. मत खरें असतांही केवळ योगायोगानें ३.८४ हून मोठी बेरीज येण्याचा प्रसंग शंभरांत पांच वेळांच येतो. म्हणून बेरीज ३.८४ च्या वर गेल्यास तें मत टाकावें. खालीं राहिल्यास तें मत टाकण्यास कारण नाहीं असें समजावें. वरील उदाहरणांत दुसरें व तिसरें मत टाकावें लागतें, पहिलें टिकतें. मेंडेलच्या वाटाण्यांची बेरीज ०.२६ भरते, म्हणजे १९ दाण्यांची तफावत अगदीं क्षुल्लक होती.

'टिकतें' आणि 'सिद्ध होतें' ह्यांत मात्र अंतर आहे. कसोटी मत खोटें पाडूं शकते. खरें ठरवूं शकत नाहीं. परभणीच्या शास्त्रज्ञांनीं एका पिढीवर न थांबतां पुढील पिढ्याही मोजल्या, त्याचें कारण हेंच. जें मत अनेक निरनिराळ्या कसोट्यांतून सुटतें त्यावरच विश्वास ठेवितां येतो.

थोड्या झाडांनीं निर्णय होत नाहीं

वरील १६० झाडांऐवजीं सोळाच झाडें लावलीं व ११ निरोगी, ५ रोगट निघालीं असें समजूं. ३ : १ प्रमाणें अपेक्षा १२ व ४, बेरीज ०.३३. ९ : ७ प्रमाणें अपेक्षा ९ व ७, बेरीज १.०२. दोन्ही ३.८४ च्या खालीं! म्हणजे दोन्ही मतें टिकतात व आपणांस कांहींच कळलें नाहीं. येथें कसोटीचा दोष नाहीं. पुरावाच तोकडा आहे. एका वाफ्यांतील दहा-बारा झाडांवरून बियाण्याचा लौकिक किंवा दुर्लौकिक ठरविणें किती फोल आहे, हें ह्यावरून दिसेल. एकट्याच्या वाडींत एवढी जागा नसल्यास सभासदांनीं तेंच बीं आपापल्या वाडींत लावून आंकडे एकत्र करावे. परंतु मिळवणीपूर्वीं प्रत्येक वाडीचे आंकडे वेगळे पाहावे. एकीकडे रोगाची सांथ व दुसरीकडे रोगच नाहीं, असें असल्यास त्यांची बेरीज दिशाभूल करील.

बचावलेलीं झाडें गणितास कसें फसवितात

ह्याहून मोठा धोका पुढें आहे. समजा, खरा नियम ९ : ७ चा आहे, म्हणजे १६० झाडांत ९० प्रतिकारक व ७० रोगप्रवण आहेत. परंतु त्या हंगामांत पांढरी माशी कमी होती, व रोगप्रवण ७० पैकीं २८ झाडें लागणींतून बचावलीं. तर मोजणींत ११८ निरोगी व ४२ रोगट येतील. ३ : १ च्या मतानें अपेक्षा १२० व ४०, काय-वर्गाची बेरीज ०.१३. कसोटी उत्तम उतरली, आणि निष्कर्ष साफ चुकला!

तात्पर्य, आंकडे जुळले म्हणजे सत्य हातीं आलें असें नव्हे. प्रत्येक झाडास रोगाशीं सामना करण्याची संधि मिळाली होती कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे, व तें पाहण्याची युक्ति सोपी आहे. चाचणीच्या ओळींमध्यें जी जात हमखास बळी पडते तिच्या ओळी लावाव्या. ह्यास साक्षीदार ओळी म्हणूं. आरंभीं रोगास तोंड देणारी पुसा सावनी पुढें सर्वत्र बळी पडूं लागली. म्हणून ती आतां ह्या कामीं उपयोगी पडते. साक्षीदार ओळींतील बहुतेक सर्व झाडें पिवळीं पडलीं तरच शेजारच्या ओळीच्या निरोगीपणास किंमत द्यावी. साक्षीदारच हिरवे राहिले, तर त्या हंगामाची परीक्षा झालीच नाहीं असें समजून आंकडे बाजूस ठेवावे.

बीं राखणाऱ्यांनीं ध्यानांत घ्यावयाची गोष्ट

दुसऱ्या पिढींतील निरोगी झाडें दिसावयास सारखीं असलीं तरी अंतरंगानें दोन प्रकारचीं असतात. ३ : १ च्या नियमाप्रमाणें दर तीन निरोगी झाडांत एकच शुद्ध असतें, त्याची सर्व संतति निरोगी राहते. उरलेल्या दोघांच्या संततींत पुन्हां चौथा हिस्सा रोगट निघतो. संकरित बियाण्याच्या पिकाचें बीं घरीं राखल्यास कधीं कधीं पुढील वर्षीं केवडा दिसूं लागतो, त्याचें एक कारण हेंच. संकराचा एकच पालक प्रतिकारक असला, तर पहिल्या पिढीचें पीक निर्दोष दिसतें आणि दुसऱ्या पिढींत फूट पडते. त्या वेळीं बियाणें विकणारा खोटा होता असें लगेच म्हणूं नये.

शुद्ध झाड ओळखण्याचा मार्ग एकच : प्रत्येक निवडक झाडाचें बीं वेगळें ठेवून त्याची वेगळी ओळ लावणें. ओळींत किती झाडें असावीं? अशुद्ध झाडाच्या संततींतील कोणतेंही एक झाड निरोगी असण्याचा संभव चारांत तीन. पांच झाडें लावलीं, तर पांचही निरोगी निघून अशुद्ध ओळ शुद्ध भासण्याचा संभव चारांत सुमारें एक आहे. दहा लावलीं तर तो शेंकडा ६ च्या आंत येतो. सोळा लावलीं तर शंभरांत एक. म्हणून दर ओळीस सोळांहून कमी झाडें असूं नयेत, व कांहीं मरतील हें धरून वीस-पंचवीस लावावीं.

वाडींत चाचणी घेण्याची रीति

१. जमिनीचा लहानसा तुकडा चाचणीसाठीं राखावा, व चाचणीच्या दर पांच ओळींमागें एक साक्षीदार ओळ लावावी.

२. त्या तुकड्यांत पांढऱ्या माशीवर फवारणी करूं नये. फवारणीनें वांचलेलें झाड प्रतिकारक दिसेल व हिशेब बिघडेल. उरलेल्या वाडींत नेहमींची काळजी घ्यावी.

३. उगवलेल्या सर्व झाडांस क्रमांक द्यावे आणि ३०, ४५ व ६० व्या दिवशीं वहींत नोंद करावी. रकाने असे : ओळ, लागणीची तारीख, उगवलेलीं झाडें, मेलेलीं झाडें, रोगट, निरोगी. एकदां रोगट ठरलेलें झाड शेवटपर्यंत रोगटच मोजावें.

४. रोगट झाड उपटावयाचें झाल्यास आधीं नोंद करावी व मग उपटावें. उपटलेलें झाड हिशेबांतून गाळल्यास बियाणें आहे त्याहून चांगलें दिसतें.

५. भेंडीचें फूल स्वतःच्या परागानें फळतें, तथापि मधमाशा वगैरे कीटक दुसऱ्या झाडाचा परागही आणतात. ज्या झाडाचें बीं राखावयाचें त्याच्या उद्यां उमलणाऱ्या कळीस आज सायंकाळीं कागदी पिशवी बांधावी किंवा कळीचें तोंड दोऱ्यानें बांधावें, व त्या फळास खूण करावी.

६. पिकलेल्या फळांचें बीं झाडागणिक वेगळें ठेवावें. सर्व बीं एका डब्यांत मिसळलें, तर वर्षाची सगळी मोजणी फुकट गेली.

प्रतिकार कायमचा नसतो

एकदां शुद्ध ठरलेलें बियाणें पिढ्यान् पिढ्या निर्धास्तपणें वापरावें असेंही नाहीं. झाडाचें जनुक तेंच राहिलें तरी विषाणु बदलत असतो. पुसा सावनीचें काय झालें तें वर सांगितलेंच आहे; परभणी क्रांतीवरही पुढें कित्येक ठिकाणीं केवडा दिसूं लागला. बंगलोरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनें दुसऱ्या एका रानभेंडीपासून 'अर्का अनामिका' व 'अर्का अभय' ह्या जाती काढल्या. परंतु कोणत्याही जातीस कायमची सनद मिळालेली नाहीं. म्हणून साक्षीदार ओळ व नोंदवही हीं दरवर्षीं चालू ठेवावीं. ज्या वर्षीं आपल्या खात्रीच्या ओळींत रोगट झाडांचा आंकडा मागील वर्षांपेक्षां स्पष्टपणें चढेल, त्या वर्षीं बियाणें बदलण्याची तजवीज करावी. सर्व वाडी पिवळी होईपर्यंत वाट पाहूं नये.

अशी चाचणी एका हंगामांत दोन-चार सभासदांनीं जरी घेतली व वह्या संघाच्या बैठकींत समोरासमोर ठेवल्या, तरी कोणतें बीं राखावें व कोणतें टाकावें ह्याचा निर्णय ऐकीव गोष्टींवर न होतां लेखी पुराव्यावर होईल. त्यास खर्च म्हणावा तर एक वही, थोडा दोरा, कागदी पिशव्या आणि वाडीच्या कोपऱ्यांतील दोन वाफे इतकाच आहे.